आबांनी न सांगितलेला गोल

हॉस्पिटलमधून आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच न्यायचा चहा गाळत होते. तो चहा कितीतरी वेळ ओट्यावर तसाच राहिला... आबा म्हणजे माझे सासरे, वय सत्त्याऐंशी. तरुणपणी कोल्हापुरात तालमीच्या संघातून अनवाणी फुटबॉल खेळलेले. गेली सहा वर्षं दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहत होते.

खेळाबद्दल बोलायचे, पण फक्त चुकांबद्दल. हुकलेली पेनल्टी, पायाखालून निसटलेला बॉल, चिखलातली घसरगुंडी. माझी तन्वी शाळेच्या संघात खेळते. ती हसून लोळायची, "आबा, यू वेअर सो बॅड!" आबाही हसायचे. मी तरी कुठे कमी होते? एका संध्याकाळी ते फिरायला निघताना नेहमीसारखं घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळत होते, तेव्हा विचारलंच, "आबा, एखादा तरी गोल मारला होतात का हो?" वर न बघता म्हणाले, "ते आपण सांगायचं नसतं." मी मनात म्हटलं, सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का!

हे आबांचा देह घेऊन कोल्हापूरला गेले. तन्वीच्या परीक्षेमुळे मी इथेच थांबले. तिसऱ्या दिवशी दोह्याजवळच्या उम्म सलाल मोहम्मदहून एक ड्रायव्हर भेटायला आला. सर्जेराव, कोल्हापूरचाच. आबांच्या फोटोसमोर उभा राहून त्याने सांगितलं, की एका फायनलमध्ये आबांच्या डाव्या पायात काच घुसली होती, पट्टी लाल झाली होती, आणि शेवटच्या मिनिटाला त्याच पायाने त्यांनी गोल मारला. सर्जेरावच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत नाचवलं होतं.

मी म्हटलं, "आम्हाला कधी बोलले नाहीत."

"आमच्या तालमीत रीतच हाय, वैनी. आपली चूक आपण सांगायची. आपला गोल दुसऱ्यानं."

इथे दुसरं होतं कोण? सोबतचे सगळे तिकडे, बहुतेक गेलेले. आणि मी त्यांची थट्टा करत होते. लाज वाटली, अजून वाटते...

गेल्या शुक्रवारी तन्वीची मॅच झाली. मी बघायला गेले होते. घरी आल्यावर ह्यांनी तिला विचारलं, कशी झाली? तन्वी आबांचं बँडेज घोट्यावरून सोडवत होती. "एक सोपा चान्स घालवला, बाबा," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली.

मी पदराला हात पुसले, ह्यांच्या समोर बसले आणि तिचा गोल पहिल्या पासपासून सांगितला. मग आबांचाही सांगितला, पुन्हा एकदा.