शैलाच्या घरातली माणसं

काल नातीच्या शाळेतून या सत्रात काय काय शिकवणार याचा कागद आला. अक्षरं, झाडाचे भाग, शंभरपर्यंत आकडे, माझं घर. त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी थांबले.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीजवळच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. वर्गातल्या शैलाचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. ट्रक उलटून ते गेले. अंत्यसंस्कार सावंतवाडीकडे त्यांच्या गावी झाले, शैला इथेच शेजाऱ्यांकडे राहिली. आठवड्याने ती वर्गात आली, तेव्हा नेमका 'माझं घर' हा पाठ चालू होता. पाटीवर घरातली माणसं काढायची आणि खाली आकडा लिहायचा.

शैलाने पाच माणसं काढली, खाली पाच लिहिले. सवयीने लिहून गेली असेल, असं मला वाटलं. ओल्या बोटाने मी पाच पुसले आणि हलकेच चार लिहिले. ओल्या पाटीचा तो वास अजून नाकात आहे.

तिने वर बघितलं. "बाई, चार कशे? कोण कमी झालो?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"माझंच चुकलं गं," म्हणत मी पुन्हा पाच लिहिले. ती पाटीकडे बघेना, माझ्या तोंडाकडेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मला वाटलं, भांडेल. ती शांतपणे म्हणाली, "काल तिना इचारल्यान, मी सांगितलंय. आठ दिस माका सांगूचो धीर नाय झालो."

तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आज वाटतं, शैलाला तिचे बाबा अजून थोडे दिवस मिळाले असते.