चार म्हणायच्या आत

आमच्या मोटारीला क्लच नव्हता आणि तिला कसली घाईही नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सेनगावकडच्या आमच्या गावात तोवर चार चाकांचं वाहन म्हणजे धुरळा उडवत येणारी एसटी, नाहीतर पीकपाहणीला येणारी सरकारी जीप. अशा गावात माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, वसमतकडच्या एका जहागीरदाराकडून जुनी अमेरिकन मोटार आणली. बदल्यात लाल कंधारी बैलांची जोडी दिली. मोटार बाजेपेक्षा रुंद, पिस्त्याच्या रंगाची, कापडी टप मागे सारता येणारी. आणि गिअर आपले आपण पडणारे! डाव्या पायाला कामच नाही. (माझा डावा पाय तेव्हा जो आळशी झाला तो झालाच.) अख्ख्या पंचक्रोशीत अशी गाडी दुसरी नव्हती आणि ती चालवणारा माझ्याशिवाय दुसरा नव्हता. हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. आजही सांगतो.

जहागीरदाराचे म्हातारे ड्रायव्हर चाँदचाचा मला शिकवायला आठ दिवस आमच्याकडे राहिले. पहिल्या दिवशी मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन घुमलं, गाडी मात्र जागची हलेना. तसाच दाबून धरला. मग ती एकदम अशी उसळली की चाचांची टोपी मागच्या सीटवर जाऊन बसली.

"चाचा, ही अशी काहून करून राहिली?"

"बेटा, नवाबी गाडी है. हुकूम सुनती, सोचती, फिर जाती. तू दबाके चार गिन."

मी दाबून चार मोजले. चारला गाडी बराबर निघाली. मग आमच्या घरात तोच शिरस्ता पडला. मोकळ्या रस्त्यावर काही प्रश्न नव्हता; गिअरची दांडी पुढे ओढली की गाडी पाय न लावताही रांगत राहायची. पण जोर देऊन कुठे घुसायचं असलं की मी पाय दाबायचा आणि गाडीत बसलेल्या सगळ्यांनी मिळून मोजायचं. माय मोजायची, अक्का मोजायची, आबा मिशीतल्या मिशीत मोजायचे. मोजल्याशिवाय गाडी जात नाही, अशी मायची पक्की समजूत होती.

या गाडीनं आमची अब्रू एकदा घालवली होती. माझं लग्न कनेरगाव नाक्याच्या सुमनशी ठरलं, त्या साखरपुड्याच्या दिवशी. आमच्या गावाकडून येणारा कच्चा रस्ता नाक्यावर हिंगोली-वाशिम सडकेला मिळतो. तिथे मी पाय दाबला, गाडी अर्धी सडकेवर रांगली आणि विचारात पडली. तेवढ्यात समोर ट्रक. ट्रकवाला खाली उतरला आणि त्यानं माझ्या सात पिढ्यांची हिंदीतून चौकशी केली. सासरची सगळी मंडळी धाब्यासमोरून हे बघत होती. सुमनच्या चुलत्यांनी आबांना विचारलं, "पाहुणे, पोरगं गाडी चालवून राहिलं, का गाडी पोराला बसवून आराम करून राहिली?"

आबांना ते लागलं. "लग्नाच्या दिवशी बघा," ते म्हणाले. "आमचा दत्ता सोता गाडी चालवत येईल आन एका दमात तुमच्या मारुतीपाशी उभी करील."

झालं. आता माझी आणि आबांची इज्जत त्या नाक्यावर टांगली गेली. लग्न काय, ते कोणाचंही होतं. आपली गाडी आपण चालवत, सासरच्या गावात, सगळ्यांसमोर रुबाबात शिरणारा नवरदेव मला व्हायचं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी दाजी रुसले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लग्नघरात जावई रुसतोच, पण दाजी चहाही घेईनात. अक्का आबांना म्हणाली, "त्यांला कायतरी काम द्या. तीन दिसापासून नुसते बसून राहिले. आपल्याला कोणी विचारत न्हाई म्हणतात."

आबा हात जोडून दाजींपुढे उभे राहिले. "जावईबापू, नवरदेवाची गाडी तुमच्या हवाली. काय लागंल ते तुमी बघायचं."

दाजींनी चहा घेतला आणि काम मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मला हळद लागली. हळद लागलेल्या नवरदेवाला आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, त्यामुळे मी आत पिवळा होऊन बसलेला, आणि बाहेर दाजींनी हिंगोलीहून मिस्त्री आणलेला! मिस्त्रीनं वाकून पाहिलं, तर गिअरचं तेल तळाला गेलेलं. त्यानं ते काठोकाठ भरलं, काय ढिलं होतं ते आवळलं. दाजींनी दाबून बघितलं, तर गाडी तात्काळ पळाली. इतकी वर्षं ती विचार करत नव्हती, तेलावाचून कळ काढत होती.

मला हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. नवरदेवाला ऐन वेळी चकित करायचं, असं दाजींनी ठरवलं होतं. (माणूस शब्दाचा पक्का.)

लग्नाच्या सकाळी टप मागे सारून मी स्टिअरिंगवर बसलो. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, तोंडाला हळदीचं तेल. शेजारी करवली म्हणून अक्का, मागे आबा, माय आणि खुशीत असलेले दाजी. बाकी वऱ्हाड आधीच बैलगाड्यांनी पुढे गेलेलं. रस्ता दगडगोट्यांचा, त्यामुळे नाक्यापर्यंत गाडी आपली रांगतच आली. पायाला जोर द्यायची वेळच आली नाही.

नाक्यावर थांबलो. डावीकडे दोनशे पावलांवर मारुतीचं देऊळ. तिथे सासरे, चुलते, बँड, हार घेतलेली माणसं, हिंगोलीचा फोटोग्राफर, सगळे माना उंचावून आमच्याकडेच बघत होते. मुहूर्ताला अर्धा तास. उजवीकडून, हिंगोलीहून वाशिमला निघालेली एक बैलगाडी हळूहळू चालली होती. तट्टे बांधून डोंगरासारखा कापूस भरलेला. तिच्या मागे बऱ्याच अंतरावर ट्रक.

मी मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि हिशेब केला. बैलगाडी पुढून सरकायला चार अंक. ट्रक यायला सात-आठ. मधली फट आपली. आत्ता दाबला की चारला आपण सडकेवर, आणि बैलगाडीला वळसा घालून थेट मारुतीसमोर!

"मोजा," म्हणालो आणि पाय पार तळाला दाबला.

"एक—" माय म्हणाली.

दोन कोणी म्हटलंच नाही. दोनच्या वेळी आम्ही कापसात होतो. मोटारीचं नाक बैलगाडीच्या पाठीत घुसलं, तट्टा फाटला आणि वरचा सगळा डोंगर उघड्या मोटारीत उतरला. जिकडे तिकडे पांढरं. इंजिन बंद पडलं. त्या शांततेत मागून दाजींचा अभिमानी आवाज आला, "आता कळलं का? तेल टाकलं म्या."

कोणाला खरचटलंही नाही. आदळायचंच असलं तर कापसाहून चांगली जागा नाही. पण बैल बिथरले आणि धावत सुटले. आमचा बंपर बैलगाडीच्या मागच्या लाकडात अडकलेला, त्यामुळे आम्हीही सुटलो. पुढे बैल, मागे बैलगाडी, तिच्या मागे पिस्ता रंगाची अमेरिकन मोटार, आणि तिच्यात पाच कापसाचे ढीग. मी स्टिअरिंग सोडलं नाही, हे मात्र लिहून ठेवावं. ते फिरवून काही होत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

गाडीवान म्हाताऱ्यानं बैल आवरले ते नेमके मारुतीसमोर. त्यानं मागे वळून मला निरखलं. "नवरदेव, उतरा आता. बैल दमले माझे."

बँड थांबला. कोणी हसेना, कारण हसावं की घाबरावं ते कळत नव्हतं. सुमनचे तेच चुलते पुढे आले. "पाहुणे, मोटार बैलानं वढत आणायची रीत हाय का तुमच्याकडं?"

आबा मिशीतला कापूस काढत उभे राहिले. क्षणभरही न अडखळता म्हणाले, "व्हय. नवरदेव आपल्या पायानं येत न्हाई, तशी त्याची मोटारबी येत न्हाई. मानानं आणावी लागते."

त्या क्षणी मला माझ्या बापाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. (थोडा कापूसही गेला होता.) चुलत्यांनी फेटा सारखा केला, मान डोलावली आणि बँडवाल्यांना हात केला. पुढच्या वर्षी नाक्यावरच्या एका लग्नात उत्तम चालणारी जीप दोन बैल जुंपून देवळापर्यंत ओढत आणली. मोठ्या घरांची तशी रीत आहे म्हणे! ती आमच्या घरानं घालून दिली, हे मी इथे नम्रपणे नमूद करतो.

मुहूर्त गाठला, पण तोंड धुवायला वेळ मिळाला नाही. हळदीच्या तेलावर कापूस असा चिकटला होता की ओढूनही निघेना. अंतरपाट दूर झाला, सुमननं वर पाहिलं आणि हार घालता घालता हळूच विचारलं, "वय किती सांगितलं होतं तुमचं?"

फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. तो आमच्या बैठकीत लावला आहे. एकोणीस वर्षांची सुमन, आणि तिच्यासमोर पांढऱ्या भुवयांचा, पांढऱ्या मिशांचा, पांढऱ्या केसांचा एक इसम. आधी कैक वर्षं नवे पाहुणे तिला विचारायचे, "हे तुमचे सासरे का?" आता कोणी विचारत नाही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, आणि फोटोतल्या दोघांपैकी बदलली ती एकटी सुमन. मी अगदी होतो तस्साच आहे!