रिकाम्या खोल्यांची मोजणी

ठाण्याच्या कोपरीतून निघाले त्या दुपारी बाबा माझ्या बॅगेची मापं घेत बसलेले. लांबी, रुंदी, उंची, मग तिन्हींची बेरीज. विमान कंपनीच्या मापापेक्षा बॅग दोन सेंटिमीटर कमी भरली, तेव्हा कुठे त्यांनी टेप खिशात टाकला. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात टर्नर होते. तीस वर्षं लेथवर उभं राहून पार्ट मापात बसतोय का हेच बघितलेलं, त्यामुळे मुलगी कॅनडाला चालली तरी हात टेपकडेच गेला. आई आतून तिसऱ्यांदा विचारत होती, मेतकूट वर ठेवलंय की तळाशी. गाडी खाली येऊन थांबली, शेजारच्या सावंत काकू दही घेऊन आल्या, आणि जिना उतरता उतरता आई म्हणाली, "पोचल्यावर आधी जेव, मग फोन कर. उपाशी बोललीस की मला आवाजावरून कळतं."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. ठाण्यातल्या मैत्रिणी अजून विचारतात, तू तिथे नक्की करतेस काय. आणि माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्या तुम्ही काहीजणी विचारता, मन रमलं का. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून ती लिहून काढतेय.

मी आर्किटेक्ट. ठाण्यात असताना घोडबंदरच्या टॉवरांच्या जिन्यांचे आणि पाइपांच्या डक्टचे नकाशे काढायचे. इकडे येऊन प्लॅनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि त्याच युनिव्हर्सिटीच्या कॅम्पस प्लॅनिंग ऑफिसात नोकरी लागली. युनिव्हर्सिटी म्हणजे इथे एक अख्खं गावच. कुठली इमारत पाडायची, कुठली बांधायची, वर्ग कुठे भरणार, पायवाट कुठून जाणार, हे ठरवायचं काम आमच्या ऑफिसचं. आमच्याकडच्या पायऱ्या सरळ आहेत. सगळ्यात खाली असिस्टंट, तो मोजतो. त्याच्यावर प्लॅनर, तो त्या मोजणीवरून नकाशा आणि अहवाल करतो. सीनियर प्लॅनर डीन लोकांच्या मीटिंगांत बसून तो अहवाल लढवतो. सगळ्यात वर डायरेक्टर, आणि मोठ्या माणसांना नाही म्हणायचं काम तिचं.

मी लागले ती असिस्टंट म्हणून. टॅबलेट घेऊन एकेका खोलीत जायचं, खुर्च्या किती, त्यातल्या भरलेल्या किती, ते टिपायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून खुर्च्या मोजतेस?" नंतर कळलं, सावंत काकूंना तिने सांगितलेलं की मुलगी तिकडे इमारती पास करते.

नोकरीचं पहिलं वर्ष एकटीचं गेलं. ऑफिसात सगळे चांगले होते, पण पाच वाजले की आपापल्या गाडीत बसून घरी. मी खोलीवर येऊन वरणभात लावायचे आणि लॅपटॉपसमोर बसून जेवायचे. बाहेर बर्फ. कोपरीत भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, त्यावरून कोणाकडे काय शिजतंय ते कळायचं. इथे शेजारी कोण राहतं हे मला मार्चपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माझी डायरेक्टर मार्गारेट हिने मला एकटीला पहिला अहवाल दिला. ही साठीची बाई, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. कॅम्पसच्या नदीकडच्या टोकाला एक जुनी बैठी इमारत होती, आत एक हॉल आणि मागे स्वयंपाकघर. त्या जागेवर नवी लॅब हवी होती. जुन्या इमारतीचा वापर होतो का, एवढंच मला बघायचं होतं. अहवाल नीट झाला तर मी प्लॅनर होणार होते. माझं वर्क परमिट या नोकरीला बांधलेलं, त्यामुळे हा अहवाल मला फार महत्त्वाचा होता.

चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, मी तिथे जाऊन मोजलं. हॉल रिकामा. कधीतरी एखादा विद्यार्थी सोफ्यावर झोपलेला. मी लिहिलं, वापर जवळजवळ नाही, इमारत पाडायला हरकत नाही. मार्गारेटने वाचून मान डोलावली. मंगळवारी अहवाल समितीपुढे जाणार होता.

आमच्या मजल्याची सफाई रोसा करायची. फिलिपिन्सची, माझ्या आईच्या वयाची. शुक्रवारी ती माझ्या टेबलामागची कचऱ्याची पिशवी बदलत होती, तिची नजर नकाशावर गेली.

"ही पाडणार?" तिने विचारलं.

"रिकामीच असते," मी म्हणाले.

"शनिवारी मोजलंस?"

मी म्हणाले, शनिवारी ऑफिसला सुट्टी असते. रोसा हसली नाही, रागावलीही नाही. "जाऊन बघ," एवढंच म्हणाली.

शनिवारी गेले. दार उघडल्याबरोबर भाताची वाफ आणि तळलेल्या कांद्याचा वास अंगावर आला. आत पन्नासेक माणसं. शिकायला आलेल्यांच्या बायका, काहींचे नवरे, पोरं, एकदोघांचे आईवडील. एका कोपऱ्यात इंग्रजीची शिकवणी चाललेली, दुसरीकडे तान्ह्या बाळाला सगळ्यांच्या हातून फिरवणं. ज्यांना इथे कामाचा परवाना नव्हता, गाडी नव्हती, भाषा येत नव्हती, त्यांचा आठवड्यातला बोलायचा दिवस हाच. लखनौकडच्या एका बाईने माझ्या हातात ताट दिलं आणि विचारलं, "नयी आयी हो?"

मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. इथे येऊन मला तीन वर्षं झालेली. ही जागा माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर होती, आणि मी तिच्याबद्दल 'पाडायला हरकत नाही' असं लिहून बसलेले.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला, तेव्हा कोपरीत रविवारची सकाळ होती. सगळं सांगितलं. म्हटलं, मोजणी खोटी नाहीये बाबा, ठरलेल्या दिवशीच मोजलंय. मी गप्प बसले तर कोणाला कळणारही नाही.

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तुझा पार्ट मापात आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग साहेबांना सांगून टाक. टेबलावर असताना सांगितलं तर परत करता येतो. एकदा मशिनीत बसला की दुसऱ्याचा हात जातो." थोडं थांबून म्हणाले, "आणि नोकरी गेली तर घर आहे. आई पुरणपोळ्या करेल, तिला निमित्तच पाहिजे."

सोमवारी मार्गारेटच्या केबिनमध्ये उभं राहून सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अजून कोणाला माहितीये?"

"तुम्ही, मी आणि रोसा."

"समितीला तूच सांग," ती म्हणाली. "तुझी चूक आहे, ती दुरुस्त करायचा मानही तुझाच. मी शेजारी बसते."

मंगळवारी मी सांगितलं. एका डीनने पेन खाली टाकलं, त्यांची लॅब वर्षभर लांबणार होती. मोजणीची पद्धत आधी का नाही तपासली, असं त्यांनी मला नव्हे, मार्गारेटला विचारलं. ती म्हणाली, "पद्धत माझी होती. आता बदलली." प्रमोशन त्या वर्षी गेलं. मिळालं ते दोन वर्षांनी. परमिट वाढवायच्या कागदावर मात्र तिने त्याच आठवड्यात सही केली.

जुनी इमारत शेवटी पडलीच, ते खोटं कशाला सांगू. पण नव्या इमारतीच्या तळमजल्यावर आधी हॉल झाला, मग वरती लॅब. त्यातल्या स्वयंपाकघराचा नकाशा मी काढला. एक्झॉस्ट दुप्पट ताकदीचा पाहिजे म्हणून इंजिनियरशी तीन मीटिंगा भांडले. फोडणी घातली की आगीचा अलार्म वाजतो आणि बायका बिचाऱ्या पोरं घेऊन बर्फात उभ्या राहतात, हे त्याला कधी समजलंच नव्हतं. शेवटी मी त्याला एका शनिवारी जेवायला नेलं. एक्झॉस्ट मंजूर झाला.

आता मी सीनियर प्लॅनर आहे. मार्गारेट निवृत्त झाली, रोसाही. ज्या गावात मला कोणी ओळखत नव्हतं, तिथे शनिवारी मला उशीर झाला तर फोन येतो. मन रमलं का, याचं उत्तर हे.

मागच्या डिसेंबरात घरी गेलेले. कोपरीची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आणि भाड्याने म्हणून कल्याणजवळ शहाडला गेलेले आईबाबा तिथेच रमले, छोटा फ्लॅटही घेतला. त्या घरात मी पहिल्यांदाच जात होते. दिव्यांची बटणं सापडेनात, चहाची साखर कुठे ते माहीत नाही. आईने तर मला पाहुण्यांचा टॉवेल दिला. मला जरा लागलंच ते.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आणायला खाली गेले आणि परत येताना चुकले. एकसारखे पाच टॉवर, नकाशे काढून पोट भरणारी मी, आणि आपली विंग सापडेना. गेटवरच्या वॉचमनकडे जाऊन वडिलांचं नाव सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच.

"काकांची मुलगी ना? ते बोललेले, मंगळवारी येणार म्हणून. महिनाभर सांगतायत. तुम्ही कॉलेजं बांधता ना?"

"जागा ठरवते," मी म्हणाले.

"तेच ते." त्याने सी विंगच्या लिफ्टपर्यंत आणून सोडलं.

लिफ्टमध्ये मी एकटीच होते. ज्या सोसायटीत मी एक दिवसही राहिले नव्हते, तिथे माझी वाट बघणं आधीच सुरू झालेलं. घर म्हणजे काय, असं आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: आपण पोचायच्या आधी जिथे कोणीतरी आपली वाट बघत असतं, ते. अशी दोन ठिकाणं माझ्या वाट्याला आलीत, एक रोसाने दिलेलं, एक बाबांनी.

दार आईने उघडलं. "एवढा वेळ?" म्हणाली, कोथिंबीर हातातून घेतली, आणि निवडायला अर्धी जुडी माझ्याच पुढ्यात ठेवली.