पाच किलोचा कांदा

हर्सूलच्या आमच्या वृद्धाश्रमात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मापाडी असतो. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यानं जन्मभर लोकांचा कांदा मापला, आणि बायको गेल्यावर तोंड असं मिटलं की आत अडकलेल्या डासाची तिथंच हयात गेली असेल. दोघांच्या वाट्याचं मीच बोलायचो. माझ्या एकेका थापेनं हर्सूलचा तलाव आटतो, त्यामुळं माझी काही अडचण नव्हती.

मग कळलं, सगळ्यांच्या मनाची तपासणी करायला डॉक्टरीण येणार. व्यवस्थापक बाईंनी तर ठरवूनच टाकलेलं: मापाड्याचं डोकं गेलं, त्याला वरच्या मजल्यावर हलवायचं. तिथं माणसाला नुसतं भरवतात नि पुसतात. डॉक्टरनं मान हलवायचा अवकाश.

डॉक्टर माझ्या नातीएवढी. तिनं मापाड्याला विचारलं, आज वार कोणता, झोप लागते का, जगावंसं वाटतं का. हा भिंतीकडं तोंड करून गप. तिनं काहीतरी लिहिलं नि खुर्ची माझ्याकडं वळवली. आजोबा, पूर्वी काय करायचात?

म्हटलं, शेती. एकेक कांदा किलोचा.

चादरीतून मापाड्याचा अंगठा हलला. काट्यावर चिमूटभर माती चालू न देणारा माणूस तो. मी लिलावासारखं वजन चढवत नेलं. दोन किलो. तीन. सिल्लोडच्या व्यापाऱ्यानं एक कांदा न्यायला बैलगाडी आणली, हेही सांगितलं. डॉक्टरचं पेन माझ्या नावापुढं सुसाट. म्हटलं, होऊ दे, वर गेलो तर दोघं जाऊ.

"पाच किलोचा," मी म्हणालो. "लासूरच्या काट्यावर मापलाय."

खाट करकरली.

"पाव किलो," भिंतीकडून आवाज आला. "तेबी मातीसकट."

पेन थांबलं. डॉक्टरनं खुर्ची त्याच्याजवळ नेली नि हळूच विचारलं, जेवण जातं का.

"नाय जात. ती वाढायची. इथं कुणी अजून घे म्हणत नाय."

तिनं बाईंना सांगितलं, डोकं शाबूत आहे, मन खचलंय, त्यावर उपचार आहेत. खाट हलवायची नाही. मला मात्र पुन्हा तपासायला बोलावलंय.

आता जेवताना 'अजून घे' मी म्हणतो. तो किती भाकरी खातो असं कुणी विचारलं, की मी बारा सांगतो.

"दीड," तो म्हणतो.