मी साइट बघितली नाही, सर

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. आमची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, तेव्हा नाशिकजवळ होती आणि माझं घर शहरातच, म्हणून मेसमध्ये सगळे मला ‘घरजावई’ म्हणायचे. मी हवालदार साळवे, दोन नंबरच्या तोफेचा नंबर वन, म्हणजे त्या तोफेचा कमांडर. पहाटे पाचला पीटी, सातला नाश्ता, आठला गन ड्रिल. रविवारी सुट्टी मिळाली की बायकोला घेऊन चर्चला. पाळकसाहेब वाचायचे, मी डोळे मिटून ऐकायचो. लग्नात मिळालेलं शास्त्र, म्हणजे बायबल, घरी फडक्यात बांधून ठेवलेलं. त्याची पानं एकमेकांना चिकटली होती, खोटं कशाला बोलू?

तोफेचा नियम साधा. हुकूम आला की लेयर, म्हणजे नेम धरणारा गनर, तोफेच्या साइटवर, नेमाच्या दुर्बिणीवर, आकडा लावतो. नंबर वननं वाकून, साइटमध्ये स्वतःचा डोळा घालून तो आकडा वाचायचा आणि मगच ‘रेडी’ म्हणायचं. माझा लेयर गनर रामदास, येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. त्याचा हात असा की तीन वर्षांत एक चूक नाही. रामदासनं लावलं म्हणजे लागलंच, असं मी छाती फुगवून सांगायचो. हळूहळू मी नुसताच वाकायला लागलो. आकडा वाचणं कधी बंद झालं, ते माझं मलाच कळलं नाही.

त्या दिवशी रेंजवर फायरिंग होतं. समोरच्या टेकडीवर ओपी, म्हणजे गोळा कुठं पडतो ते बघणारी पार्टी. तिथं कॅप्टनसाहेब आणि वायरलेस ऑपरेटर नाईक काशिनाथ भोये, पेठ तालुक्याचा. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हुकूम आला. रामदासनं आकडा लावला. मी वाकलो.

“नंबर टू रेडी!”

“फायर!”

गोळा गेला. थोड्या वेळानं वायरलेस सेटवर आवाज आला, “स्टॉप! स्टॉप! स्टॉप!”

सगळ्या तोफा गप्प झाल्या. पोझिशन ऑफिसरनं माझी साइट बघितली. दहा डिग्रीचा फरक. गोळा ओपीजवळ पडला होता. कॅप्टनसाहेबांना खरचटलंही नाही. काशिनाथचा जीव अकरा चाळीसला, ॲम्ब्युलन्समध्येच गेला.

रामदास तोफेच्या चाकाशी बसला होता. “उस्ताद, मी लावला व्हता बरोबर. लावला व्हता ना?” मी बघितलंच नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, सोमवारी होती. शुक्रवारी सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बॅटरीची अब्रू आणि माझं प्रमोशन वाचवायचं होतं.

“साळवे, तू बघितलंस तेव्हा आकडा बरोबर होता. नंतर लेयरचा हात लागून साइट फिरली. एवढंच सांगायचं.”

“आणि रामदास?”

“भोगेल थोडं. तुला सुभेदार व्हायचंय की नाही?”

रामदासला दोन पोरं. शिक्षा झाली असती, नोकरी गेली असती आणि जन्मभर काशिनाथचं रक्त एकट्याच्या कपाळी राहिलं असतं. हे समजूनही माझं मन सुभेदारसाहेबांकडे झुकत होतं. का लपवू?

शनिवारी मी पाळकसाहेबांकडे गेलो. सलाम केला, सगळं सांगितलं. त्यांनी शास्त्र उघडून एक वचन वाचलं. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, असं. “साहेब सांगतात तसं करा. देवाची हीच इच्छा.” मला केवढं हलकं वाटलं! घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांनी वाचलं. तुम्ही वाचलंत?”

राग आला. तरी फडकं सोडलं. तो अध्याय शोधायलाच पाव तास गेला, हवालदार असून! वाचत खाली आलो. त्याच अध्यायात, चार बोटं खाली लिहिलंय की, प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही. पाळकसाहेब तिथपर्यंत आलेच नव्हते. मग मागं गेलो, मोशेच्या आज्ञांपर्यंत. खोट्या साक्षीची आज्ञा मला सहाव्या वर्षी तोंडपाठ होती. पाठ होती, एवढंच. दुपारभर पानं सोडवत वाचत बसलो आणि स्वतःची लाज वाटली.

रविवारी उपासनेआधी मी शास्त्र घेऊन पाळकसाहेबांपुढं उभा राहिलो.

“साहेब, पुढं वाचा.”

“हवालदार, शास्त्राचा अर्थ लावणं तुमचं काम नाही.”

“अर्थ लावत नाही. वाचतोय फक्त. तुम्ही थांबलात, मी नाही थांबलो.”

मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे पंच, मध्ये पडले. म्हणाले, फौजेत राहून उर्मट झालाय. मी म्हटलं, “हो, झालोय. सोमवारी शपथ मी घेणार आहे. देवापुढं उत्तर द्यायला माझ्याऐवजी पाळकसाहेब येणार आहेत काय?”

सोमवारी शास्त्रावर हात ठेवला. आत काय लिहिलंय ते स्वतः वाचून हात ठेवायची माझी पहिलीच वेळ.

“मी साइट बघितली नाही, सर. न बघता रेडी म्हणालो.”

“विचार करून बोला, हवालदार,” चौकशीचे मुख्य साहेब म्हणाले.

“केलाय, सर.”

पुढं कोर्ट मार्शल झालं. बाहीवरच्या तीनही पट्ट्या गेल्या, मी पुन्हा साधा गनर झालो. रामदासला सजा झाली, पण नोकरी राहिली. सुभेदारसाहेब मला भेटले तरी तोंड फिरवायचे. मंडळीच्या कमिटीतून माझं नाव काढलं. काढा! तेव्हापासून कुणीही व्यासपीठावरून ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणालं की मी विचारतो, “कुठं?” लोक हसतात, काहींना राग येतो. माझी पेन्शन गनरची आहे, पण प्रश्न विचारायला रँक लागत नाही.

रजा मिळताच एसटीनं पेठला गेलो. तिथून चालत काशिनाथच्या पाड्यावर. त्याच्या बापाला सांगितलं, तुमच्या पोराला लागलेला गोळा माझ्या तोफेचा.

“पत्रात अपघात लिवलाय,” म्हातारा म्हणाला.

“अपघात नाही, बाबा. मी माझं काम केलं नाही.”

तो उठून माझ्यासमोर आला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “मंग त्याचं नाव घेऊन सांगत जा. समद्यांना.”

सांगतो. दरवर्षी त्या तारखेच्या रविवारी मंडळीत उभा राहतो. नाईक काशिनाथ भोये, वायरलेस ऑपरेटर, वय सत्तावीस. माझ्या चुकीनं गेला. ज्याला हे ऐकवत नाही, त्यानं खुशाल बाहेर जावं.