तिसऱ्या डब्यात मरणारा निन्जा

कांतीशेठ गेल्याचा फोन आला तेव्हा मी निमगाव साव्याच्या रानात टोमॅटोची तोडणी करून घेत होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच त्यांचा मुलगा म्हणाला. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी मनात आलं... आता त्या सहा डब्यांचं काय?

वारूळवाडीत शेठचं किराणा दुकान. माळ्यावर साखरेच्या पोत्यांमागे जुन्या सिनेमांच्या रिळांचे डबे, आणि त्यांचा सगळा जीव एका जपानी निन्जाच्या सिनेमात. शाळेत असताना जत्रेच्या तंबूत आम्ही दोघांनी तो पाहिला होता. भाषा कुणालाच कळत नव्हती, ऑपरेटरलाही नाही. त्यानं शेवटचा, सहावा डबा तिसरा लावला. काळ्या कपड्यातला गडी तलवार लागून मेला, आणि पुढच्या डब्यात सरसर भिंत चढला! अख्खा तंबू ओरडला, "उठला रं, गडी उठला!"

पुढे एका भंगारवाल्याकडे शेठना तोच सिनेमा सापडला. रंग विटून गुलाबी झालेला, डबा उघडला की आंबूस वास. पुण्याचे एक संग्राहक धावतच आले. "जपानातही हा कुणाला आठवत नाही, म्हणून तर हवा!" शेठनी तंबूच्या क्रमानं दाखवला. संग्राहक म्हणाले, "डबे चुकलेत. वर आकडे लिहिलेत की." मी रोज क्रेट मोजणारा, आकड्यांचा माणूस, मीही मान डोलावली. शेठ उसळले. "आकडे कारखान्याचे, राव! आमच्याकडं त्यो मरून उठतो. त्याला मारून टाकणाऱ्याला मी डबे देणार न्हाई."

शेठ गेल्यावर महिन्याभरानं मुलानं सिनेमा त्याच संग्राहकांना द्यायचं ठरवलं. सांभाळणार कोण? त्याआधी गोदामात शेवटचा खेळ, मशीनवर मी. डबे आकड्यांप्रमाणे मांडले होते. दोन संपले. हात तिसऱ्याकडे गेला... आणि मी सहावा उचलला.

गडी मेला. मी घाईघाईनं पुढचा डबा चढवला. भिंतीवर काळी सावली सरसरली आणि अंधारातून शेठच्या बायकोचा, वहिनींचाच आवाज आला, "उठला!" मग सगळेच ओरडले. मीसुद्धा.

दिवे लागले तेव्हा संग्राहक टाळ्या वाजवत होते. डबे गाडीत ठेवण्याआधी त्यांनी दुकानातला खडू मागून घेतला आणि सहाव्या डब्यावर ठळक 'तीन' लिहिलं. सवयीनं मी आकडा पुन्हा तपासला. बरोबर होता.