रेडिओतला सोपानराव

रेडिओ गावात यायच्या आधी पिंपळे सौदागरात माझं मत विचारायची पद्धत नव्हती. मी ते न विचारता द्यायचो. चावडीच्या ओट्यावर बसून मी कोरियाच्या लढाईपासून कांद्याच्या बियाण्यापर्यंत सगळ्यावर बोलायचो. लोक ऐकायचे, कारण उठून गेलं तर उन्हात जावं लागायचं.

मग सरकारनं चावडीला रेडिओ दिला. लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला कुलूप, किल्ली शाळेच्या गुरुजींकडे. संध्याकाळी गुरुजी कुलूप काढायचे, खरखर व्हायची, आणि त्यातून कुणीतरी फार शुद्ध मराठीत आम्हाला शेणखत कसं घालावं ते सांगायचं. आम्ही पिढ्यानपिढ्या शेणखत घालत आलो होतो, तरी सगळे मान डोलवत ऐकायचे. हेच मी सांगितलं असतं तर आबाजीनं मला हाकलून लावलं असतं. हा आबाजी माझ्या शेजारचा, दर गोष्टीत मला आडवा जाणारा.

सत्तावन्न साली रेडिओची माणसं जीपगाडी घेऊन गावात आली. त्यांच्यापाशी आवाज साठवून ठेवायचं यंत्र होतं. त्यांच्यातल्या साहेबांनी चावडीवर सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, आजचा विषय आहे घरकारभारात बायकांचं स्थान. बायका अर्थातच तिथं नव्हत्या.

मग साहेब माझ्याकडे वळले. मी सगळ्यांत मोठा फेटा बांधून सगळ्यांत पुढं बसलो होतो, त्यामुळे त्यांचा तरी काय दोष.

"घरातले मोठे निर्णय तुम्ही कसे घेता?"

मी मागं वळून मंडळींना डोळा घातला आणि म्हणालो, "मी व्हय? मी तर बायकोला विचारल्याबिगर बांधावरसुदिक पाऊल ठेवत न्हाई."

चावडी हसून हसून लोळायला आली. आबाजीला तर ठसका लागला. मी आणखी खुललो. "आन् सायेब, तुमाला ह्ये खरं वाटलं आसंल, तर तुमी आजून लगीन केल्यालं न्हाई."

साहेबही हसले. यंत्र बंद करून ते गेले, आणि मी आठवडाभर गावात छाती काढून हिंडलो. माझा आवाज आता मुंबईपर्यंत जाणार, असं मी बैलांनासुद्धा सांगितलं.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी चावडीपुढं जत्रेसारखी गर्दी. बायका मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या, त्यांत माझी सोजरा. आधी गाणं झालं. मग माझा आवाज आला. तो शेळीसारखा होता हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "बायकोला विचारल्याबिगर बांधावरसुदिक पाऊल ठेवत न्हाई." त्यामागं हसणं नव्हतं. पुढचं वाक्य नव्हतं. डोळा घातलेला तर रेडिओत येतच नाही. लगेच एक बाई गोड आवाजात म्हणाली, "पिंपळे सौदागरच्या या प्रगतिशील शेतकऱ्याचा आदर्श घरोघरी घेतला जावा."

सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "आरं, थट्टा व्हती ती. तुमी समदे हासला न्हाई का?"

आबाजी गंभीर होऊन म्हणाला, "त्या दिशी मलाबी थट्टाच वाटली. पर सोपानराव, थट्टा आसती तर त्येंनी रेडिओत कशाला घातली आसती?"

स्वतःच्या कानांनी ऐकलेलं माझं बोलणं त्यानं खोटं धरलं आणि पेटीतलं खरं धरलं. गंमत अशी की त्या क्षणी मलाही शंका आली, की आपण खरंच गंभीरपणे बोललो होतो की काय.

घरी सोजरानं भाकरी वाढली. मग म्हणाली, "मला कवा विचारलं वं तुमी?"

"थट्टा व्हती, सोजे."

"रेडूत न्हवती," एवढंच म्हणून तिनं कालवण वाढलं.

आता इथं माझ्या खटल्याबद्दल सांगायला पाहिजे. माझा चुलतभाऊ रंगराव आणि मी, आमच्या दोघांच्या रानांमध्ये एक बांध होता. त्या बांधावर एक बाभळ. बांध त्यानं कोरला असं माझं म्हणणं, मी कोरला असं त्याचं. पुण्याच्या कोर्टात दावा किती वर्षं चालला होता ते वकिलांनाच माहीत. खरं सांगायचं तर मला तारखेला जायला आवडायचं. धुतलेलं धोतर, पिंपरीहून गाडी, कोर्टासमोरच्या हॉटेलात भजी आणि चहा. निकाल लागला असता तर माझी मोठी पंचाईत झाली असती.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी तारीख होती. मी सजूनधजून निघालो, तर पाणवठ्यावरून येणाऱ्या मंजुळाबाईनं, म्हणजे आबाजीच्या बायकोनं, मला मध्येच गाठलं.

"कोर्टात निगालासा जनू? वैनीस्नी विचारलंसा न्हवं?"

तिच्यामागं आणखी चारपाच जणी हंडे घेऊन थांबल्या होत्या. सगळ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी 'व्हय' म्हणालो असतो तर त्या थेट सोजराला विचारायला गेल्या असत्या. मी माघारी फिरलो. म्हटलं, विचारायचं तेवढं विचारू आणि जाऊ, नावापुरतं.

सोजरा जात्यावर दळत होती.

"तारखेला जाऊ का?"

"नगा जाऊ."

मी असा प्रश्न कधी विचारला नव्हता, त्यामुळे त्याला असंही उत्तर असतं हे मला ठाऊक नव्हतं. "का गं?"

तिनं जातं थांबवलं. "रंगरावभावजींची बायकू शालन आन् मी एकाच घाटावर धुनं धुतो. तुमच्या बांधापायी आमी एकमेकींशी बोलत न्हाई. ती धाकटी भनीवानी हाय मला. आन् त्या बाभळीच्या शेंगा आपल्या शेळीला न्हाईत, त्यांच्या शेळीलाबी न्हाईत. झाली की किती वर्सं."

माझ्या मागोमाग आलेली मंजुळाबाई दारात हंडा घेऊन उभीच होती. मी धोतर न बदलता दिवसभर घरात बसलो. पुण्याची गाडी गेली असेल, भजी तळून झाली असतील, असं मनात येत राहिलं.

संध्याकाळी रंगराव आला. आमच्या उंबऱ्याला त्यानं कितीतरी वर्षांनी पाय लावला असेल.

"आला न्हाईस. मला वाटलं आजारी पडलास."

"सोजरा नगं म्हनाली."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "म्हंजी रेडूतलं खरंच व्हतं की रं." मग खाली बसून तो हळूच म्हणाला, "तुझ्यापायी माझ्याबी घरात तसंच झालंय. शालन म्हनती, सोपानभावजी विचारत्यात, मग तुमाला काय झालं?"

"मग विचारलंस?"

"विचारलं. ती म्हनाली, बाभळ तोडा."

पुढच्या सोमवारी आमच्या दोघांच्या बायकांनी बांध मोजला. आम्ही दोघांनी दोर धरला. सोजरा एका टोकाला, शालन दुसऱ्या टोकाला, आणि आम्ही चुलतभाऊ खुंट्यांसारखे उभे. 'जरा तिकडं सरका' म्हटलं की सरकायचो. बाभळ तोडली, तिच्यातून रंगरावच्या औताला जू निघालं आणि माझ्या बैलगाडीच्या चाकाला एक आरा. दावा काढून घेतल्यावर वकील माझ्यावर फार नाराज झाला. मीही मनातून थोडा नाराजच होतो, पण आदर्श शेतकऱ्यानं तसं बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

कारण तोवर मी आदर्श झालो होतो. वाकडहून, रहाटणीहून लोक मला बघायला यायचे. काही जण शिव्या द्यायला यायचे, तुमच्यामुळे आमच्या घरात वाद सुरू झाले म्हणून. मी त्या सगळ्यांना ओट्यावर बसवून शुद्ध मराठीत, रेडिओतल्या बाईसारखं थांबत थांबत, घरकारभारात स्त्रियांचं स्थान समजावून सांगायचो. ज्या विषयाची मी टिंगल केली होती, त्याचा मीच पुराणिक झालो. आणि लोक आता उन्हाच्या भीतीनं बसून राहत नव्हते, खरंच ऐकायचे. एकदा मी असाच रंगात आलो असताना आतून सोजराचा आवाज आला, "प्रगतिशील, गोठा झाडायचा ऱ्हायलाय."

मी उठून गोठा झाडला. पाहुण्यांना तेही आदर्श वाटलं.

त्या वर्षी रब्बीला मला हरभरा करायचा होता. सवयीनं विचारलं, तर ती म्हणाली लसूण लावा. मी वाद घातला, दोन दिवस जेवताना तोंड फिरवून बसलो, शेवटी लसूण लावला. चांगला उतरला. चावडीवर कुणी विचारलं की लसणाचं कुणाच्या डोक्यात आलं, तर मी म्हणायचो, "आमी ठरवलं." पूर्वी मी 'म्या ठरवलं' म्हणायचो. माझ्यात एवढाच फरक पडला, आणि तोही पडायला मला बराच वेळ लागला.